हा आकडा किती वेळ टिकतो? वेगवान इलेक्ट्रिक गाड्यांच्या जगात नव्याने येणाऱ्यांसाठी

ऑक्टोबर २०१० मध्ये तेव्हाच्या औरंगाबादेत एका दिवसात १५० मर्सिडीज गाड्या विकल्या गेल्या. उद्योजक, डॉक्टर, बिल्डर, व्यापारी एकत्र आले, कंपनीशी एकत्र बसून भाव ठरवला आणि जवळपास ६५ कोटींची खरेदी करून मोकळे झाले. म्हणजे मराठवाड्याला गाड्यांचं वेड काही इलेक्ट्रिकने लावलेलं नाही. वाळूज आणि शेंद्रा या औद्योगिक वसाहतींमुळे गाडी आणि तिचे सुटे भाग कसे बनतात, हेही इथल्या हजारो घरांत जेवताना बोललं जातं.

आता त्याच गप्पांत किलोवॅट, आठशे व्होल्ट, एलएफपी हे शब्द आलेत. कुणी गाडी घ्यायला निघालंय, कुणाला शेअर घ्यायचेत, आणि पुष्कळांना नुसतं नीट समजून घ्यायचंय. तिघांनाही मी एकच सवय लावून घ्यायला सांगेन. समोर कोणताही आकडा आला की विचारायचं: हा किती वेळ टिकतो? ताकदीचा आकडा, चार्जिंगचा आकडा, रेंजचा आकडा आणि कंपनीच्या तिजोरीचा आकडा, चारही ठिकाणी हा प्रश्न चालतो.

पहिली पायरी: ताकदीचा कागद वाचायला शिका

माहितीपत्रकात ताकद कधी किलोवॅटमध्ये देतात, कधी पीएसमध्ये, म्हणजे अश्वशक्तीत. १ पीएस म्हणजे साधारण ०.७३५ किलोवॅट. महिंद्रा बीई ६ च्या मोठ्या बॅटरीच्या गाडीत २१० किलोवॅटची मोटर आहे, म्हणजे २८६ पीएस. बीवायडी सीलच्या सगळ्यात वरच्या मॉडेलला दोन मोटर मिळून ५३० पीएस, म्हणजे ३९० किलोवॅट. आधी सगळे आकडे एकाच मापात आणा, तुलना मग करा.

न्यूटन-मीटर म्हणजे टॉर्क, आपल्या भाषेत पिकअपचा जोर. पेट्रोल इंजिनाला पूर्ण जोर यायला फेरे वाढावे लागतात. इलेक्ट्रिक मोटरचा जोर गाडी उभी असतानाच तयार असतो. म्हणून बहुतेक इलेक्ट्रिक गाड्यांना एकच गिअर पुरतो. पोर्शे टायकानने मागच्या मोटरला दोन गिअर दिले, पण तो अपवाद.

आता शून्य ते शंभर. टाटा हॅरियर ईव्हीच्या दोन मोटरच्या मॉडेलसाठी कंपनी ६.३ सेकंद सांगते, सीलसाठी बीवायडी ३.८, एमजी सायबरस्टरसाठी ३.२. इटालियन घराण्याच्या नावाची पण महिंद्राच्या मालकीच्या कंपनीची पिनिनफरिना बॅतिस्ता दोन सेकंदांच्या आत शंभर गाठते. तिची बॅटरी आणि मोटरची जुळणी क्रोएशियाच्या रिमाककडून येते. हे आकडे शेजारी ठेवताना दोन गोष्टी तपासा. मोजमाप शून्य ते शंभर किलोमीटरचं आहे की शून्य ते साठ मैलांचं? साठ मैल म्हणजे ९६.६ किलोमीटर, आकडा आपोआप लहान दिसतो. दुसरं, अमेरिकेत बऱ्याच चाचण्यांत गाडी पहिला एक फूट सरकल्यावर घड्याळ सुरू करतात. तेवढ्याने सेकंदाचा पाव भाग सहज वाचतो.

आणि आता मुख्य प्रश्न. सीलचं वजन २,१८५ किलो. ती शंभरपर्यंत न्यायला लागणारी गतिज ऊर्जा काढली तर वीजबिलाच्या मापात ०.२३ युनिट येते, म्हणजे जेमतेम पाव युनिट. ८२.५६ युनिटच्या बॅटरीला हे काहीच नाही. अडचण ऊर्जेची नसते, उष्णतेची असते. ३.८ सेकंदांत पाव युनिट ओढायचं म्हणजे सेल, तारा, इन्व्हर्टर, मोटर सगळं तापतं. अशा पाच-सहा झेपा लागोपाठ घेतल्या की गाडीचं सॉफ्टवेअर ताकद आवरती घेतं. शंकरपटातली बैलजोडी काही सेकंदं जीव तोडून पळते. तीच जोडी दिवसभर औताला जुंपली तर तिची चाल वेगळी असते. कागदावरचे पीएस हे शंकरपटाचे असतात.

दिवसभराची चाल कळावी म्हणून मोटरच्या सरकारी चाचणीत '३० मिनिटांची कमाल शक्ती' स्वतंत्र मोजतात. हा आकडा जाहिरातीतल्यापेक्षा बराच लहान असतो. शोरूममध्ये विचारा, बहुतेक वेळा सेल्सवाल्याला तो पाठ नसतो, पण कंपनीकडून मागवून देता येतो. समतल रस्त्यावर ताशी १२० ने जायला अशा गाडीला साधारण २०-२५ किलोवॅट पुरतात. म्हणजे ३९० किलोवॅटपैकी बाकी सगळी ताकद ओव्हरटेकच्या त्या काही सेकंदांसाठी. तिचा आनंद खराच आहे, मला तो मनापासून आवडतो. पण पैसे मोजताना हे माहीत असावं.

दुसरी पायरी: बॅटरी

किलोवॅट-अवर म्हणजे आपल्या वीजबिलावरचं युनिट. बीई ६ ची ७९ किलोवॅट-अवरची बॅटरी म्हणजे ७९ युनिटची टाकी.

रसायनं मुख्यतः दोन. एलएफपी, म्हणजे लोह-फॉस्फेटची, वजनाच्या मानाने कमी ऊर्जा साठवते, पण उष्णता जास्त सोसते, चार्जिंगच्या जास्त फेऱ्या टिकते आणि तिच्यात निकेल-कोबाल्ट नसतं. एनएमसीत निकेल, मँगनीज, कोबाल्ट असतं. त्याच वजनात जास्त ऊर्जा मावते, म्हणून लांब पल्ल्याच्या आणि हलक्या स्पोर्ट्स गाड्यांना ती भावते. बीई ६ आणि सील या दोन्हींत एलएफपी आहे. मे महिन्यात परभणी-नांदेडचा पारा ४२-४४ वर जातो. गाडी दिवसभर उन्हात उभी राहणार असेल तर मी डोळे झाकून एलएफपीच्या बाजूने झुकेन, शून्य ते शंभरला अर्धा सेकंद जास्त लागला तरी. शिवाय बॅटरीला द्रवाने थंड करण्याची सोय आहे ना, हे विचारा. वेगवान गाड्यांत ती असतेच. स्वस्त गाड्यांत नुसत्या हवेवर भागवलेलं आढळतं.

आठशे व्होल्टची चर्चा का, तेही समजून घ्या. शक्ती म्हणजे व्होल्टेज गुणिले करंट. व्होल्टेज दुप्पट केलं की त्याच शक्तीला करंट निम्मा लागतो, आणि तारांमधली उष्णता करंटच्या वर्गाने वाढते-घटते, म्हणून ती चौथाईवर येते. तारा बारीक, वजन कमी, चार्जिंग जलद. २०१९ मध्ये टायकानने हे पहिल्यांदा कारखान्यातून निघणाऱ्या गाडीत आणलं. ह्युंदाई आयोनिक ५ आणि किया ईव्ही६ ने ते तुलनेने स्वस्तात दिलं. पण आठशे व्होल्टचा लाभ तसा चार्जर वाटेत असेल तेव्हाच.

वॉरंटीचा कागद घरी नेऊन वाचा. पहिल्या मालकाला एक अट आणि दुसऱ्याला दुसरी, असं बऱ्याच कंपन्यांचं असतं. पाच वर्षांनी गाडी विकताना किंमत त्या ओळीवर ठरणार आहे.

तिसरी पायरी: चार्जिंगचा 'किती वेळ'

बीई ६ साठी महिंद्राचा दावा: १७५ किलोवॅटच्या चार्जरवर २० ते ८० टक्के २० मिनिटांत. हिशोब करून पाहू. ७९ चे साठ टक्के म्हणजे ४७.४ युनिट. ती २० मिनिटांत भरायची तर सरासरी १४२ किलोवॅट पडतात. दावा जुळतो, पण १७५ हा काही मिनिटांचा शिखराचा आकडा आहे. आता तीच गाडी ६० किलोवॅटच्या चार्जरला लावा: निदान ४८ मिनिटं, प्रत्यक्षात तासाच्या आसपास. आपल्या भागात हमरस्त्यावर ३० आणि ६० किलोवॅटची मशीन पुष्कळ दिसतात, आणि एका मशीनला दोन गन असल्या की शेजारी दुसरी गाडी लागल्याबरोबर वीज वाटली जाते. म्हणून सरासरीचा आकडा मागा, शिखराचा नको. ८० टक्क्यांनंतर वेग इतका उतरतो की प्रवासात शंभरपर्यंत थांबणं म्हणजे स्वतःचा आणि मागे रांगेत उभ्या असलेल्याचा वेळ घालवणं.

घरचं चार्जिंग हाच खरा पाया. साध्या १६ अँपिअरच्या प्लगवर तासाला तीन युनिट, म्हणजे २० ते ८० ला जवळपास सोळा तास. ७.२ किलोवॅटच्या भिंतीवरच्या चार्जरवर सात तास, रात्रीत काम फत्ते. त्यासाठी हे क्रमाने करा:

आधी वीजबिलावर मंजूर भार किती आहे तो पाहा. दोन-तीन किलोवॅट असेल तर महावितरणकडे भार वाढवण्याचा अर्ज करा, लागलंच तर थ्री-फेजचा. मग चांगल्या वायरमनकडून मीटरपासून चार्जरपर्यंत स्वतंत्र केबल, स्वतंत्र एमसीबी आणि गळतीचा करंट ओळखणारं ब्रेकर बसवून घ्या. आणि अर्थिंग. जुन्या घरांत अर्थिंगचा खड्डा कोरडा ठणठणीत असतो; गाडी चार्जिंग नाकारते तेव्हा लोक गाडीला दोष देतात आणि कारण त्या खड्ड्यात असतं. नवी अर्थिंग घ्या, मोजून घ्या. शेतपंपाच्या कनेक्शनवर गाडी लावू नका. त्या वीजदराचा तो गैरवापर ठरतो आणि त्या लाइनच्या व्होल्टेजवर चार्जर टिकतही नाही.

छतावर सोलर असेल तर सोन्याहून पिवळं. आपल्या उन्हात एक किलोवॅटचं पॅनल दिवसाला सरासरी चार युनिट देतं. तीन किलोवॅटचे बारा युनिट झाले, त्यात गाडी ६०-७० किलोमीटर जाते. केंद्राच्या सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटला ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान आहे. एवढंच ध्यानात ठेवा की नेट मीटरवरचं साधं सोलर लाइट गेली की बंद पडतं.

चौथी पायरी: समृद्धीवर रेंज काढा

"एका चार्जिंगमध्ये किती जाती?" हा आपल्याकडचा पहिला प्रश्न. कंपनीचं उत्तर प्रयोगशाळेतलं असतं. बीई ६ चं प्रमाणित उत्तर ६८३ किलोमीटर. समृद्धी महामार्गावर कारला १२० ची मर्यादा आहे, आणि हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो: ८० वरून १२० ला गेलात की तो सव्वादोन पट होतो. वर एसी. अशा वेळी शंभर किलोमीटरला २१ युनिट धरा, म्हणजे ७९ युनिटमध्ये ३७५ किलोमीटर. घरून शंभर टक्के भरून निघालात आणि दहा टक्क्यांवर थांबलात तर सुमारे ३४०. पुढचे टप्पे १० ते ८० टक्क्यांचे, म्हणजे २६० च्या आसपास.

संभाजीनगरहून नागपूर साडेचारशेच्या घरात. म्हणजे कारंज्याच्या आसपास एक थांबा, जेवणाच्या वेळी घेतलात तर जाणवतही नाही. निघायच्या आधी ॲपवर त्या चार्जरचे कालचे-परवाचे शेरे वाचा आणि तो बंद निघाला तर दुसरा कोणता, तेही ठरवून ठेवा. वेग १२० ऐवजी १०० ठेवलात तर ऊन्हाळ्यातही रेंज डोळ्यांत भरण्याइतकी वाढते.

इथे टायरबद्दल कळकळीने सांगायचंय. सव्वादोन टनांची गाडी, तापलेलं काँक्रीट, तासन्‌तास एकसारखा वेग. समृद्धीवर टायर फुटून झालेले अपघात आपण सगळ्यांनी ऐकलेत. दाराच्या चौकटीवर लिहिलेली हवा थंड टायरमध्ये, निघण्यापूर्वी तपासा. जुना किंवा कमी भार पेलणारा टायर या गाडीला चालत नाही. बदलताना टायरवरचा भाराचा क्रमांक मूळ टायरएवढा किंवा जास्तच असला पाहिजे. आणि सरळ रस्ता दिसला म्हणून तिथे शून्य ते शंभर मोजायला थांबू नका. तो रस्ता लोकांच्या घरी परत जाण्याचा आहे.

पाचवी पायरी: ट्रायल मागाल तर अशी मागा

सकाळी दहाला, गार हवेत, शंभर टक्के भरलेली गाडी घेऊन गल्लीत चक्कर मारली तर सगळ्याच गाड्या उत्तम वाटतात. एप्रिल-मेमध्ये दुपारी दोनची वेळ मागा. घरची सगळी माणसं बसवा, डिक्कीत बॅगा ठेवा. शक्य झालं तर बॅटरी तीस टक्क्यांच्या खाली असताना एकदा चालवा. कमी चार्जवर बॅटरीचं व्होल्टेज उतरलेलं असतं आणि पिकअप किती राहतं ते तेव्हाच कळतं. ओव्हरटेकचा जोर ६० ते १०० मध्ये पाहा. रोजच्या उपयोगाचा तोच.

रीजेन, म्हणजे पाय सोडल्यावर मोटर उलट जनित्र होऊन बॅटरीत वीज परत भरते ती सोय, सगळ्या पातळ्यांवर लावून बघा. मागच्या सीटवरच्या माणसाला मळमळतं का तेही विचारा. बॅटरी काठोकाठ भरलेली असताना रीजेन जवळजवळ काम करत नाही. कन्नडला मुक्काम करून, तिथेच शंभर टक्के भरून औट्रम घाट उतरायला निघू नका.

बाकी भारत एनकॅपचे (अपघात-सुरक्षा चाचणीचे) तारे, सर्व्हिस सेंटरचं अंतर, विम्याचा हप्ता हे नेहमीचं. एक मात्र आवर्जून: हाय-व्होल्टेजचं काम करणारा प्रशिक्षित मेकॅनिक तुमच्याच जिल्ह्यात आहे का, की गाडी पुण्याला न्यावी लागेल?

सहावी पायरी: पैसे गुंतवायचे असतील तर

गाडी आवडणं आणि शेअर आवडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आधी तर तो शेअर मिळतो का ते पाहावं लागतं. सायबरस्टर विकणारी जेएसडब्ल्यू एमजी मोटर शेअर बाजारात नाही. कियाचा शेअर कोरियात आहे. ह्युंदाई मोटर इंडिया मात्र ऑक्टोबर २०२४ पासून इथे आहे. महिंद्राचा शेअर घेतलात तर त्यात ट्रॅक्टर आणि डिझेल गाड्याही येतात, इलेक्ट्रिक हा एक भाग. टाटा मोटर्सची २०२५ मध्ये विभागणी झाली, प्रवासी गाड्या एका कंपनीत आणि ट्रक-बस दुसरीत. जुने लेख वाचून नवा शेअर घेऊ नका. परदेशी शेअर घेता येतात, एका आर्थिक वर्षात माणशी अडीच लाख डॉलरच्या मर्यादेत, पण कर आणि विवरणपत्राचं काम सीएशी बोलूनच.

मग नव्या कंपन्यांचे दावे. नमुन्यादाखल तीन गोष्टी वाचून ठेवा. टेस्लाने नवी रोडस्टर नोव्हेंबर २०१७ मध्ये दाखवली, २०२० मध्ये देऊ म्हणाले, ५०,००० डॉलर आगाऊ घेतले. २०२५ सरलं तरी ग्राहकाला गाडी मिळालेली नव्हती. फिस्कर कंपनी २०२० मध्ये शेअर बाजारात आली, गाड्या रस्त्यावर आणल्याही, आणि जून २०२४ मध्ये दिवाळखोरीत गेली. निकोलाने २०१८ च्या व्हिडिओत धावणारा इलेक्ट्रिक ट्रक दाखवला. तो उतारावरून सोडून दिलेला होता. संस्थापकाला २०२२ मध्ये गुंतवणूकदारांच्या फसवणुकीबद्दल दोषी ठरवलं, २०२५ मध्ये राष्ट्राध्यक्षांची माफीही मिळाली. कंपनी त्याच वर्षी बुडाली आणि भागधारकांचे पैसे गेले ते गेले.

म्हणून बुकिंगचा आकडा सोडा आणि किती गाड्या ग्राहकाच्या दारात पोचल्या ते पाहा. मग रोकड. समजा कंपनीकडे १,२०० कोटी आहेत आणि दर तिमाहीला १५० कोटी जातात, तर आठ तिमाह्या, म्हणजे दोन वर्षं. त्या दोन वर्षांत गाडीमागे नफा सुरू होईल असं दिसत नसेल, तर मध्येच नवे शेअर काढून तुमचा हिस्सा पातळ होणार. त्यानंतर सेल कुणाचे, चुंबक कुणाचे? एप्रिल २०२५ मध्ये चीनने दुर्मिळ मृदा धातू आणि त्यांच्या चुंबकांच्या निर्यातीवर परवान्याची अट घातली आणि बजाज ऑटोसह आपल्या अनेक कंपन्यांच्या इलेक्ट्रिक उत्पादनाला खीळ बसली. चुंबक थोडंसंच लागतं, पण त्याशिवाय बहुतेक गाड्यांची मोटर होत नाही.

नवा आयपीओ, म्हणजे कंपनीची पहिली शेअरविक्री असेल, तर प्रॉस्पेक्टसमधलं (तिच्या माहितीपुस्तिकेतलं) जोखमीचं प्रकरण सगळ्यात आधी वाचा. कंपनीला कायद्याने स्वतःच्या अडचणी तिथे लिहाव्याच लागतात, आणि इतकं खरं तुम्हाला दुसरीकडे कुणी सांगत नाही. एथर एनर्जीचा आयपीओ एप्रिल २०२५ मध्ये ३२१ रुपयांना आला. कंपनी स्कूटरची आहे, पण त्या पैशांतला मोठा वाटा आपल्याकडच्या ऑरिक या औद्योगिक नगरीतल्या कारखान्यासाठी होता. इथल्या माणसाला सरावासाठी याहून चांगला दस्तऐवज नाही. तसंच वाळूजच्या एंड्युरन्सचं: सस्पेन्शन-ब्रेकच्या या कंपनीने २०२२ मध्ये बॅटरीवर देखरेख करणारी इलेक्ट्रॉनिक्स बनवणाऱ्या मॅक्सवेल कंपनीत हिस्सा घेतला. अशा सुटे भागवाल्या कंपन्यांना गाडी महिंद्राची खपली काय किंवा दुसऱ्याची, काम मिळत राहतं. मला स्वतःला नवख्यासाठी हा रस्ता जास्त पटतो. व्हॉट्सॲपवर टिप देणारा सेबीकडे नोंदलेला सल्लागार आहे का, हे सेबीच्या संकेतस्थळावर दोन मिनिटांत कळतं. नसेल तर त्या ग्रुपमधून बाहेर पडा.

राहिला ऑरिकमधल्याच बिडकीनचा विषय, कारण तो निघतोच. टोयोटा किर्लोस्करने जुलै २०२४ मध्ये राज्य सरकारशी सुमारे २०,००० कोटींचा सामंजस्य करार केला, जेएसडब्ल्यूच्या २७,२०० कोटींच्या इलेक्ट्रिक वाहन प्रकल्पाची घोषणाही त्याच वर्षीची. दोन्ही बातम्या मनाला उभारी देणाऱ्या आहेत आणि इथल्या पोरांना त्यातून काम मिळावं असं मला फार वाटतं. पण करार, जमिनीचा ताबा, पर्यावरण परवानगी, बांधकाम, यंत्रं आणि पहिली गाडी या वेगवेगळ्या पायऱ्या आहेत आणि प्रत्येकीत वर्षं जातात. बातमीच्या जोरावर आसपासचा प्लॉट दाखवायला कुणी नेलं, तर ती ईव्हीतली गुंतवणूक नव्हे, तो जमिनीचा व्यवहार आहे. सातबारा, बिगरशेतीचे (एनए) कागद, मंजूर लेआउट, रस्त्याची रुंदी, सगळं वकिलाकडून तपासून घ्या, आणि इसार देण्याच्या आधी.